जिम वाढल्या; आरोग्याचं काय?



आपल्या गावातल्या कुठल्याही मोठ्या रस्त्याने एकदा चालत जा आणि फक्त पाट्या वाचा. जिथे झेरॉक्सचं दुकान होतं तिथे वरच्या मजल्यावर आता जिम आहे. मंगल कार्यालयाच्या शेजारी झुंबा, पतसंस्थेच्या वर क्रॉसफिट, मेडिकलला लागून सप्लिमेंटचं दुकान, आणि कोपऱ्यावर सकाळी सहाला उघडणारा, शेक पाजून वजन उतरवून देणारा ‘न्यूट्रिशन क्लब’. हे आता फक्त पुण्या-मुंबईचं चित्र नाही. तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर काचेच्या भिंतीआड ट्रेडमिलवर पळणारी माणसं दिसतात. फिटनेसचा व्यवसाय झपाट्याने वाढतोय, असं पुरवण्यांमध्ये आनंदाने छापून येतं. वाढतोय हे खरंच आहे. माझा प्रश्न एवढाच, की त्यात वाढतंय काय?

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. मी व्यायामाच्या विरोधात नाही, जिमच्याही नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, नैराश्य, पाळीच्या तक्रारी, झोप न लागणं, या सगळ्यांत उपयोगी पडणारं व्यायामासारखं दुसरं औषध माझ्या पेटीत नाही. म्हणूनच या औषधाच्या नावाखाली जे विकलं जातंय ते पाहून राग येतो.

आकडे बघा. २०२३ साली आयसीएमआर-इंडियाब हा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून जास्त लोकांना उच्च रक्तदाब, आणि जवळपास ४० टक्के लोकांच्या पोटाचा घेर धोक्याच्या रेषेपलीकडे. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अभ्यासाने सांगितलं की २०२२ साली भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. म्हणजे आपल्याकडे जिम वाढत होत्या त्याच काळात निम्मा देश बसून होता. जिममुळे लोक बसले असं मी म्हणत नाही. पण जो धंदा स्वतःला ‘आरोग्य क्षेत्र’ म्हणवतो, त्याने या बसलेल्या लोकांसाठी काय केलं, हे विचारायला हरकत नसावी.

आत कोण आहे?

संध्याकाळी सातला कुठल्याही जिममध्ये डोकावा. बहुतेक जण विशी-तिशीतले, त्यांतही मुलगे जास्त. यांना व्यायामाची गरज नाही असं नाही. पण ज्या ५२ वर्षांच्या बाईंची साखर ताब्यात नाही, जिना चढताना गुडघा दुखतो, पाळी गेल्यापासून हाडं ठिसूळ होत चालली आहेत, त्या कुठे आहेत? त्या घरी पोळ्या करताहेत. आल्याच तर त्यांना २० मिनिटं ट्रेडमिल, १० मिनिटं सायकल आणि ‘टोनिंग’ म्हणून एक-एक किलोचे गुलाबी डंबेल्स मिळतात. खरं तर वजन उचलण्याची सर्वांत जास्त गरज त्यांनाच आहे. चाळिशीनंतर स्नायू कमी होत जातात, आणि जेवणानंतर रक्तातली साखर शोषून घेणारा शरीरातला सर्वांत मोठा अवयव म्हणजे स्नायूच. स्नायू घटले की साखर ठेवायला जागाच उरत नाही. ‘वजन उचललं तर पुरुषासारखी दिसेन’ ही भीती निराधार आहे. बायकांच्या शरीरात तेवढं टेस्टोस्टेरॉनच नसतं. पण हे त्यांना समजावून सांगण्यात धंदा नाही. धंदा आहे ‘२१ दिवसांत ५ किलो’मध्ये.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा सल्ला अगदी साधा आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम तीव्रतेचा व्यायाम करावा, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काहीतरी. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही अशा वेगाने रोज अर्धा तास चाला, आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा, भिंतीला जोर, पाण्याने भरलेली कळशी उचला. पैसे शून्य. म्हणूनच तुम्हाला याची जाहिरात कुठे दिसत नाही.

वर्षाचं पॅकेज

या व्यवसायाचं गणित एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं समजेल. महिन्याची फी मुद्दाम जास्त ठेवायची आणि वर्षाची इतकी कमी की महिन्याची भरणारा मूर्ख वाटावा. जानेवारीत गर्दी, मार्चमध्ये निम्मी, जूनच्या पावसात आणखी कमी. सगळ्या सभासदांनी रोज यायचं ठरवलं तर त्या हजार-दीड हजार चौरस फुटांत उभं राहायलाही जागा मिळणार नाही. म्हणजे तुम्ही न येण्यावर हा हिशेब उभा आहे. माझं औषध रुग्णाने घेतलं नाही तर माझं अपयश. इथे तुम्ही घेतलं नाहीत तर मालकाचा फायदा.

आणि पैसे आगाऊ घेतले की धोका तुमच्या गळ्यात. तळवलकरांचं उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९३२ साली सुरू झालेली परंपरा, २०१० मध्ये शेअर बाजारात नोंदणी, गावोगाव शाखा, आणि २०१९ मध्ये कर्जाचे हप्ते थकले, शाखा बंद पडत गेल्या. वर्षाचे पैसे भरलेल्या सभासदांनी काय करायचं? इतकं जुनं नाव कोसळू शकतं, तर भाड्याच्या गाळ्यात कर्जाच्या मशिनांवर उभ्या असलेल्या जिमबद्दल काय बोलावं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तुमची फी उतरली का, हे काउंटरवर विचारून बघा. (मालक सांगतील की त्यांना आता खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. तेही खरं आहे. पण विचारा.)

ट्रेनर आणि ते वजनाचं यंत्र

तुमच्या पाठीचं ऑपरेशन करणाऱ्याची नोंदणी लागते, तुम्हाला गोळी देणाऱ्या फार्मासिस्टची लागते. २०२१ च्या कायद्यानंतर फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञही वैधानिक परिषदेच्या कक्षेत आले. पण स्लिप डिस्क असलेल्या माणसाला ८० किलोची डेडलिफ्ट मारायला लावणाऱ्या मुलाला असं काही लागत नाही. चार महिने स्वतः व्यायाम केला, दंड फुगले, टी-शर्टवर ‘कोच’ छापलं, झाला ट्रेनर. उत्तम ट्रेनरही आहेत, रीतसर शिकलेले, रुग्णाची फाईल मागून वाचणारे. माझे कित्येक रुग्ण अशा मुलांनी सुधारले आहेत. पण तुम्हाला चांगला कोण आणि दंडवाला कोण, हे ओळखता येण्याची कुठलीच व्यवस्था नाही, आणि चांगल्यांचा पगार इतका तुटपुंजा असतो की त्यांनाही डबे विकण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. डब्यांकडे येतोच.

आधी ते यंत्र. नाव नोंदवायला गेलात की बूट-मोजे काढून तुम्हाला एका वजनकाट्यावर उभं करतात, हातात दांडी देतात आणि एक कागद छापून येतो: चरबी ३४ टक्के, ‘बॉडी एज’ ५१. तुमचं वय ३८. पोटात गोळा येतो, आणि तुम्ही सही करता. हे यंत्र शरीरातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं आणि त्याला होणाऱ्या विरोधावरून पाणी किती, चरबी किती याचा अंदाज बांधतं. अंदाज. तुम्ही पाणी किती प्यायलात, नुकतंच जेवलात का, घाम आला होता का, पाळी चालू आहे का, यावर तो हलतो. आणि ‘बॉडी एज’ हा वैद्यकशास्त्रातला निकष नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं सूत्र आहे. तुम्हाला खरा आकडा हवा असेल तर शिंप्याची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर पोट मोजा. आपल्या लोकांसाठी पुरुषांनी ९० आणि बायकांनी ८० सेंटीमीटरच्या आत राहावं.

जे विचारायला हवं ते मात्र विचारत नाहीत. छातीत कधी दुखलं का? चक्कर येऊन पडलात का? घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं का? रक्तदाबाची गोळी चालू आहे का? हे प्रश्न एका कागदावर मावतात आणि दोन मिनिटांत होतात. वर्षानुवर्षं बसून राहिलेल्या माणसाने एके दिवशी एकदम जोराचा व्यायाम केला तर त्या तासाभरात हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि नियमित व्यायामाने तोच धोका उतरतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून ‘जिममध्ये अमुक नटाला अटॅक आला’ ऐकून व्यायाम सोडू नका. पहिल्या दिवशीची मर्दुमकी सोडा. पहिल्याच दिवशी दोनशे बैठका काढून तिसऱ्या दिवशी लघवी चहाच्या रंगाची झाली, तर ती उन्हाळी लागलेली नसते. स्नायू फुटून त्यातलं रसायन मूत्रपिंडात अडकत असतं. त्या दिवशी सरळ दवाखाना गाठायचा.

डबा

आता मुख्य दुकान. काउंटरच्या मागे रचलेले काळे डबे.

या बाबतीत धंद्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, ते मान्य करू. आपल्या ताटात प्रथिनं कमी असतात. सकाळी पोहे, उपासाला साबुदाणा (ज्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच), वरण म्हणावं तर डाळ शोधावी लागते. पण निदान बरोबर असलं म्हणून उपचार बरोबर ठरत नाही.

आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. नेटाने वजनं उचलणाऱ्याला दीडपट-दुप्पट धरा, म्हणजे ७५ ते १००. दिवसभरात सहा पोळ्या किंवा तितक्या भाकऱ्या यांतून साधारण २० ग्रॅम मिळतात. घट्ट वरणाची वाटी ६-७, मटकीची उसळ ८, दही ४-५, दूध एक कप ६, मूठभर शेंगदाणे ७, दोन अंडी १२. बेरीज ६० च्या पुढे गेली, आणि अजून मासे, चिकन, पिठलं, सोयाबीन काहीच धरलेलं नाही. आता पैसे बघा. चांगल्या म्हणवणाऱ्या व्हे प्रोटीनचा किलोचा डबा अडीच-तीन हजारांचा. त्यातून साधारण ३० चमचे निघतात, चमच्यात २४ ग्रॅम. म्हणजे एका चमच्याला ८०-१०० रुपये. तेवढीच प्रथिनं चार अंड्यांत, ३० रुपयांच्या आसपास. पन्नास ग्रॅम सोयाचंक्समध्ये तर दहा रुपयांत.

बरं, डब्यावर लिहिलेलं आत असतं का? २०२४ मध्ये केरळमधल्या डॉ. सिरियाक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतात विकली जाणारी ३६ प्रथिन पूरकं प्रयोगशाळेत तपासून निष्कर्ष ‘मेडिसिन’ या नियतकालिकात छापले. जवळपास ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला, काहींत तर निम्मीच प्रथिनं. १४ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आढळलं. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहार मार्गदर्शक सूचनांत स्नायू कमावण्यासाठी प्रथिन पूरकं टाळा, असं स्पष्ट लिहिलं. वयस्कर माणूस, शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण, काहीच खाता न येणारा, यांना आम्ही डॉक्टर पावडर देतो आणि ती उपयोगी पडते. निरोगी मूत्रपिंडाला प्रथिनं मारतात असंही नाही. पण मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या कित्येकांना आपलं मूत्रपिंड आधीच कमकुवत झालंय हे ठाऊकच नसतं, आणि काउंटरवरचा मुलगा क्रिएटिनिन विचारत नाही. क्रिएटिन घेणाऱ्यांनी मात्र रक्त तपासताना डॉक्टरांना तसं सांगावं. त्याने अहवालातला क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर जातो आणि उगाच घाबरायला होतं.

इंजेक्शन

डब्यापर्यंतचं नुकसान बहुतेक वेळा खिशाचं असतं. त्यापुढची पायरी वेगळी आहे, आणि मला आजचा लेख लिहावासा वाटला तो तिच्यामुळे.

सहा महिने होतात, दंड हवे तसे दिसत नाहीत. मग कोणीतरी कानात सांगतं, ‘एक सायकल मार.’ टेस्टोस्टेरॉन, नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलॉल ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती मिळतात. अलीकडे त्यात मेफेनटरमीनची भर पडली आहे. हे इंजेक्शन भूल दिल्यावर रक्तदाब खाली गेला तर तो वर आणण्यासाठी ऑपरेशन थिएटरात वापरतात. मुलं ते व्यायामाआधी शिरेत घेतात, कारण ‘पंप’ येतो, थकवा जाणवत नाही. हृदय मात्र थकत असतं, आणि त्याची सवयही लागते. महाराष्ट्रात पोलिसांनी आणि एफडीएने याचे साठे पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. पोलिस भरतीच्या मैदानावर उमेदवारांकडे उत्तेजक इंजेक्शनं सापडल्याच्याही. शेतकऱ्याचा मुलगा, १६०० मीटर धावायचंय, गोळाफेक आहे, वय निसटत चाललंय. त्याच्या हातात ही कुपी देणारा कोण असतो?

स्टेरॉइड शरीरात काय करतं ते साध्या भाषेत सांगतो. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना सतत निरोप पाठवत असते: टेस्टोस्टेरॉन बनवा, शुक्राणू बनवा. बाहेरून इंजेक्शन आलं की ग्रंथीला वाटतं, माल भरपूर आहे, निरोप बंद. वृषणं काम थांबवतात, आकसतात. शुक्राणू घटत घटत शून्यावर येऊ शकतात. दंड वाढलेले, आणि आत कारखान्याला टाळं. शिवाय चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, हृदयाची भिंत जाड होते, गोळ्यांनी यकृत बिघडतं, छातीत गाठ येते, आणि इंजेक्शन बंद केल्यावर येणारं नैराश्य इतकं खोल असतं की मुलगा पुन्हा कुपीकडे वळतो.

पुढचा भाग जिमच्या आरशात दिसत नाही. लग्न होतं. दीड-दोन वर्षं मूल होत नाही. मग तपासणी कोणाची सुरू होते? बायकोची. तिची सोनोग्राफी, तिच्या हार्मोन्सच्या तपासण्या, नळ्या मोकळ्या आहेत का बघायची वेदनादायक चाचणी, तिला उपासतापास, तिला सासूचे टोमणे. नवरा धडधाकट, रोज जिमला जातो, ‘त्याला काय होणार?’ वीर्यतपासणी दोनशे-पाचशे रुपयांत होते, आणि ती सगळ्यात शेवटी सांगितली जाते. अहवाल शून्य येतो तेव्हा आम्ही विचारतो, पूर्वी काही इंजेक्शनं घेतली होती का? तो बायकोला बाहेर बसायला सांगतो.

हे सगळं एका गुमास्ता परवान्यावर चालतं. ट्रेनरची पात्रता भिंतीवर लावणं सक्तीचं करायला, सभासदाचा आरोग्य-कागद भरून घ्यायला, एका तरी माणसाला सीपीआर येत असावा अशी अट घालायला, आणि व्यायाम शिकवणाऱ्याला डबे-गोळ्या विकायची बंदी करायला सरकारला फार पैसे लागत नाहीत. कर कमी करता येतो, तर एवढंही करता येईल. याच महाराष्ट्रात १९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं, १९२४ साली पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ. तालमींचं गुणगान मी करणार नाही, तिथे बायकांना दार बंदच होतं. पण मैदान, शिक्षक आणि परवडणारी वर्गणी यांवर गावाचा व्यायाम चालू शकतो, हे आपण करून दाखवलेलं आहे. आता मैदानावर वाहनतळ आहे आणि बागेतल्या ‘ओपन जिम’च्या पट्ट्या गंजल्या आहेत.

तोवर तुमच्यापुरतं. जिम लावायचीच असेल तर महिन्या-तीन महिन्यांचे पैसे भरा, पावती घ्या. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ हे पावतीवर छापलं म्हणजे विषय संपला असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराविरुद्ध तरतूद आहे. १९१५ या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. ट्रेनर कुठे शिकला ते विचारा. चांगल्याला राग येत नाही. डबा घेतलाच तर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक बघा. तुमच्या मुलाला अचानक पाठीवर मुरमं, चिडचिड आणि दोन महिन्यांत दहा किलो स्नायू आले, तर कौतुक करण्याआधी त्याच्याशी बोला.

आणि तू, जो इंजेक्शन घेतोस आणि इथवर वाचत आलास. ओरडणार कोणी नाही. पुढचा डोस घेऊ नकोस, आणि बंद केल्यावर एकट्याने राहू नकोस, कारण ते काही आठवडे मन फार खाली जातं. जवळच्या डॉक्टरकडे जा. वीर्यतपासणी, टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, लिपिड, यकृताची तपासणी, ईसीजी आणि इको एवढं सांगतील. बहुतेकांमध्ये वृषणांचं काम परत सुरू होतं. काही महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त, आणि जितकं लवकर थांबशील तितकी शक्यता चांगली. जाताना कुपी फेकून देऊ नकोस, सोबत घेऊन जा, कारण लेबलवर लिहिलंय तेच आत असेल याची खात्री तिथेही नसते.